बेस मॉडेल की टॉप मॉडेल? एका आईचा प्रश्न

संसाराचा हिशेब



मागील महिन्यात एका रविवारी सकाळी दारात एक बाई येऊन उभ्या राहिल्या. मंगरूळपीर तालुक्यातील एका खेड्यातून पहिल्या एस.टी.ने आल्या होत्या. सोबत मुलगा. वय असेल पंचवीस-सव्वीस. जयभीम झाला, पाणी झाले, चहा ठेवला. बाई ओच्यात एक पिशवी घट्ट धरून बसल्या होत्या. पिशवीत घराची नक्कल, बचत गटाचे पासबुक आणि गाडीचे एक रंगीत माहितीपत्रक. ही तीन कागदे एकत्र पाहिली की माझ्यासारख्याला पुढचे ओळखायला वेळ लागत नाही.

"भाऊ, पोरगं आयकत नाही," बाई म्हणाल्या. "करंटवाली गाडी घेतो म्हन्ते. बरं घे म्हटलं. पन टॉप मॉडेलच पायजे म्हन्ते. मले गाडीतलं काय समजते? तुम्ही एवढे वर्सं गाडी चालवली, तुम्ही सांगजा."

मुलगा मान खाली घालून बसला होता. तो गेली चार वर्षे दुसऱ्याच्या मालकीची डिझेल गाडी चालवतो. लग्नाची वरात, दवाखान्याचे पेशंट, दसऱ्याला नागपूर, कधी शेगाव, कधी अकोला स्टेशन. गाडी मालकाची, रात्र याची. आता स्वतःची गाडी असावी असे त्याला वाटते, यात त्याचे काय चुकले? काहीच नाही. धाकटी बहीण बारावी पास झाली आहे, तिला नर्सिंगला जायचे आहे. तिच्या फीसाठी बाईंनी गटातून आणि मजुरीतून पैसे बाजूला ठेवले आहेत. मुलाच्या मते ते पैसे आत्ता गाडीच्या डाउन पेमेंटला घालावेत, गाडी कमावेल तशी फी भरता येईल.

म्हणजे प्रश्न नुसता गाडीचा नव्हता. मी एस.टी.त अख्खी नोकरी स्टिअरिंगवर काढली. पण विजेची गाडी माझ्यासाठीही नवीच. तेव्हा मी त्यांना म्हटले, "ताई, आज उत्तर देत नाही. आधी गाड्या चालवून पाहू. मग बोलू." त्या पाहण्याची आणि बोलण्याची ही हकिकत. आपल्या घरांतून असे होतकरू तरुण बरेच आहेत, म्हणून ती सर्वांसाठी लिहितो.

मॉडेल म्हणजे काय?

एकच गाडी कंपनी तीन-चार प्रकारांत विकते. सर्वांत स्वस्त ते बेस, सर्वांत महाग ते टॉप. डिकीवाल्या, म्हणजे सेडान बांध्याच्या विजेच्या गाड्यांत आपल्याकडे सामान्य माणसाच्या नजरेच्या टप्प्यात आलेली गाडी म्हणजे टाटांची टिगोर ईव्ही. तिच्या आधी २०१६ साली महिंद्राची ई-व्हेरिटो आली होती. तिचेही डी२, डी४, डी६ असे तीन प्रकार होते. एका चार्जमध्ये ती कंपनीच्या आकड्याने ११० किलोमीटर जायची. ती गावोगावी पोचली नाही.

टिगोर ईव्ही नव्या मोटारीसह ऑगस्ट २०२१ मध्ये आली. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिच्यात सुधारणा झाली आणि एक्सई, एक्सटी, एक्सझेड प्लस आणि एक्सझेड प्लस लक्स असे चार प्रकार झाले. त्या वेळी बेसचा भाव १२ लाख ४९ हजार आणि टॉपचा १३ लाख ७५ हजार होता. हा शोरूमचा भाव, विमा वगैरे वेगळा. भाव बदलतात, म्हणून आजचा भाव ज्याने त्याने विचारावा. पण दोन टोकांतील अंतर लक्षात ठेवा. ते १ लाख २६ हजारांचे होते. या लेखाचा सारा हिशेब त्या अंतराभोवती आहे.

आता महत्त्वाची गोष्ट. या चारही प्रकारांत मोटार एकच, ५५ किलोवॅटची, म्हणजे सुमारे ७५ अश्वशक्तीची. बॅटरी एकच, २६ युनिटांची. प्रमाणित चाचणीत एका चार्जला ३१५ किलोमीटर हा आकडाही एकच. बेसला लहान बॅटरी आणि टॉपला मोठी बॅटरी, असे या गाडीत नाही. मुलाला हे माहीत नव्हते. त्याला वाटत होते की टॉपची मोटारही टॉप असेल.

दोन गाड्या, एक रस्ता

ओळखीतून दोन गाड्या मिळाल्या. एक बेस, एक टॉप, दोन्ही भाड्याने चालणाऱ्या. मालकांना डिझेलवाल्या चहापेक्षा चार्जिंगवाला चहा महाग पडतो, एवढे म्हणून त्यांनी किल्ल्या दिल्या. रस्ता मी ठरवला. वाशीमहून मालेगाव, मेडशी, पुढे पातूरचा घाट उतरायचा आणि परत वर यायचे. आपल्या भागातील गाडीवाल्याचा खरा रस्ता हाच. कारण वाशीम पठारावर आहे आणि अकोला खाली. दोन्हींच्या उंचीत अडीचशे मीटरच्या आसपास फरक आहे. जाताना गाडी उतरते, येताना चढते.

दोन्ही गाड्यांत चार-चार माणसे, एसी सारखाच, टायरची हवा पेट्रोल पंपावर सारखी करून घेतली. जाताना मुलगा बेस गाडीवर आणि मी टॉपवर, येताना अदलाबदल.

पहिली गोष्ट जाणवली ती दोन्ही गाड्यांत सारखीच. क्लच नाही, गिअर नाही, आवाज नाही. पाय दाबला की गाडी त्याच क्षणी पुढे सरकते. डिझेल गाडीला इंजिनाचे फेरे वाढेपर्यंत थांबावे लागते, विजेच्या मोटारीला थांबावे लागत नाही. तिचा जोर पहिल्या फेऱ्यापासूनच मिळतो. या गाडीचा हा जोर १७० न्यूटन मीटर सांगतात. आकडा सोडा, पण मेडशीच्या पुढे ट्रॅक्टर-ट्रॉली ओलांडताना त्याचा अर्थ कळला. तो बेसमध्ये जितका होता तितकाच टॉपमध्ये होता.

दुसरी गोष्ट घाटात. विजेच्या गाडीत पाय उचलला की मोटार उलटी राबते. चाकाने मोटार फिरते, मोटार वीज बनवते आणि ती बॅटरीत परत जाते. सायकलचा डायनामो चाकाला टेकवला की सायकल जड होते, तसेच हे. गाडी ब्रेक न लावता मंद होते. या ओढीच्या पायऱ्या कमी-जास्त करता येतात आणि २०२२ च्या सुधारणेत ही सोय चारही प्रकारांना मिळाली. घाट उतरताना मी सर्वांत जास्त ओढ ठेवली. ब्रेकला पाय फारसा लावावा लागला नाही. एस.टी.त आम्ही घाटात खालचा गिअर टाकून उतरायचो, तोच हा धडा, फक्त इथे उतरताना थोडी कमाईही होते. एक सूचना मात्र नव्या चालकांनी लक्षात ठेवावी. बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर परत आलेली वीज ठेवायला जागा नसते. तेव्हा ही ओढ कमी मिळते आणि ब्रेकवरच भिस्त ठेवावी लागते.

मग फरक कुठे? बसण्यात. टॉपमध्ये चामड्यासारखी सीट, चामडे गुंडाळलेले स्टिअरिंग, पाऊस पडला की आपोआप चालणारे वायपर, अंधार पडला की आपोआप लागणारे दिवे आणि क्रूझ कंट्रोल, म्हणजे वेग बांधून पाय मोकळा ठेवण्याची सोय. मालेगावच्या अलीकडे मोकळ्या रस्त्यावर मुलाने क्रूझ लावला. दोन मिनिटांत समोर म्हशी आल्या आणि तो सुटला. आपल्या रस्त्यावर एवढाच त्याचा संसार. चामड्यासारखी सीट दिसायला सुरेख, पुसायला सोपी. पण वैशाखात गाडी उन्हात उभी राहिल्यावर तिच्यावर बसणे म्हणजे तव्यावर बसणे. कापडी सीट मळते, पण पाठ भाजत नाही. गिऱ्हाइकाला काय आवडेल ते गिऱ्हाईक जाणो, दिवसाचे दहा तास बसणार चालक.

टायरमधील हवा कमी झाली की इशारा देणारी सोयही सुधारणेनंतर चारही प्रकारांत आली. त्यामुळे त्या कारणासाठी टॉप घ्यायची गरज उरली नाही.

खरा फरक निघाला तो भलतीकडे

आता सर्वांत उपयोगाची गोष्ट. परत आल्यावर दोन्ही गाड्यांची उरलेली बॅटरी पाहिली. बेस आणि टॉप यांत फरक इतका थोडा होता, की तो टायरच्या हवेचाही असू शकेल. पण जातानाचे आणि येतानाचे टिपण जोडून पाहिले तेव्हा दुसरेच दिसले. मी ज्या गाडीवर होतो ती दोन्ही वेळा कमी खायची आणि मुलगा ज्या गाडीवर होता ती दोन्ही वेळा जास्त. गाडी बदलली, तरी खाणारा बदलला नाही.

मुलगा हसला. म्हणाला, "काका, मी तं साधाच चालवत होतो."

मी म्हटले, "साधाच. पण प्रत्येक खेपेला पाय दाबून उठवायचास आणि पुढे म्हैस दिसली की ब्रेक दाबायचास. मी लांबून पाय उचलत होतो."

विजेच्या गाडीत जोर फुकटात मिळाल्यासारखा वाटतो, कारण आवाज होत नाही. डिझेलचे इंजिन ओरडले की चालकाला कळते, तेल जळते आहे. इथे कळत नाही. तेव्हा बेस आणि टॉप यांतील फरकापेक्षा दोन पायांतील फरक मोठा, हे त्या दिवशी आम्ही दोघेही शिकलो. आणि ज्याला सव्वा लाख वाचवायचे आहेत त्याने ते आधी पायात शोधावेत.

वेगाचेही तसेच. समृद्धी महामार्गामुळे आपल्या जिल्ह्याचे नशीब उघडले म्हणतात. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये मुंबईकडील शेवटचा टप्पा. एकूण लांबी ७०१ किलोमीटर. आपल्याकडे मालेगाव, शेलू बाजार, कारंजा येथून त्यावर चढता येते. २०२५ च्या राज्याच्या विद्युत वाहन धोरणात या मार्गावर विजेच्या चारचाकींना पथकर माफीची तरतूदही झाली. मोटारींना तेथे ताशी १२० ची मर्यादा. मुलाचे डोळे त्या १२० वर. पण हवेचे गणित कडक आहे. वेग ८० वरून १२० केला, म्हणजे दीडपट केला, की हवेचा अडथळा दीडपट होत नाही, सव्वादोनपट होतो. ८० ने जी बॅटरी दोनशेच्या घरात नेते, ती १२० ने बरीच अलीकडे दम टाकते. शिवाय भाड्याची म्हणून नोंदलेल्या गाडीला नियमाने ताशी ८० चा वेगनियंत्रक असतो. मग टॉप मॉडेल घेऊन १२० कोठे पळवणार?

जिथे मॉडेलने खरोखर फरक पडतो

याचा अर्थ मॉडेलचा फरक नेहमीच वरवरचा असतो असा नाही. दोन उदाहरणे देतो.

पहिले टाटांच्याच एक्सप्रेस-टी गाडीचे. टिगोरसारखीच दिसणारी, पण खास टॅक्सीवाल्यांसाठी २०२१ मध्ये आणलेली. तिच्यात दोन बॅटऱ्या होत्या, १६.५ युनिटांची आणि २१.५ युनिटांची. प्रमाणित आकडे १६५ आणि २१३ किलोमीटर. प्रमाणित आकडा आणि आपला रस्ता यांत फरक पडतो. एसी, चार माणसे, घाट, खड्डे धरून मी तीन भागांतील दोन भागच खरे धरतो, तेही सावधपणे. म्हणजे लहान बॅटरीला शंभराच्या थोडे वर, मोठीला एकशेचाळीसच्या आसपास आणि २६ युनिटांच्या टिगोरला दोनशेच्या आसपास. आता वाशीम ते अकोला जाऊन-येऊन १६० किलोमीटरच्या आसपास. पहिल्या दोन गाड्यांना अकोल्यात थांबून वीज भरावी लागेल, तिसरी घरी परत येईल. पुण्या-मुंबईच्या शहरी टॅक्सीला जे चालते ते वाशीमच्या चालकाला चालेलच असे नाही. इथे मॉडेल पाहून घ्यायचे, कारण इथे बॅटरीचा फरक आहे. सीटचा नव्हे.

आणि परतीचा चढ विसरू नका. दीड हजार किलोच्या गाडीला अडीचशे मीटर वर न्यायला एक युनिटापेक्षा थोडी जास्त वीज लागते. २६ युनिटांच्या बॅटरीत ती सहज सोसते, साडेसोळाच्या बॅटरीत ती बोचते.

दुसरे उदाहरण श्रीमंतांच्या गाडीचे. बीवायडी या चिनी कंपनीची सील नावाची सेडान मार्च २०२४ मध्ये भारतात आली. भाव ४१ लाखांपासून ५३ लाखांपर्यंत. आपल्याला घ्यायची नाही, पण तिच्यातून शिकायला काय हरकत? तिचे तीन प्रकार होते. पहिला २०४ अश्वशक्तीचा, ६१ युनिटांची बॅटरी, ५१० किलोमीटर. दुसरा ३१३ अश्वशक्तीचा, ८२ युनिटांची बॅटरी, ६५० किलोमीटर. तिसरा सर्वांत महाग, ५३० अश्वशक्तीचा, पुढच्या चाकांना एक आणि मागच्या चाकांना एक अशा दोन मोटारी. उभ्या गाडीला शंभराचा वेग गाठायला ३.८ सेकंद. आणि पल्ला? ५८० किलोमीटर. बॅटरी दुसऱ्याइतकीच, किंमत सर्वांत जास्त, आणि जाते मात्र ७० किलोमीटर अलीकडेच.

हे मी मुलाला दाखवले तेव्हा तो बराच वेळ त्या आकड्यांकडे पाहत राहिला. सर्वांत महाग ते सर्वांत लांब जाणारे, ही त्याच्या मनातील समजूत तिथे ढिली झाली. जोराला बॅटरी लागते. पळायला पैसा दिला की पोचायला कमी पडतो.

हप्ता कोण भरणार?

आता संसाराचा हिशेब. कागद घेऊन आम्ही तिघे बसलो. बाईंना लिहिता-वाचता थोडेच येते, पण बचत गटामुळे व्याज त्यांना माझ्यापेक्षा चांगले कळते.

समजा १० लाखांचे कर्ज, १० टक्के व्याज, ५ वर्षे. हप्ता पडतो महिन्याला सुमारे २१,२५०. टॉपसाठी जास्तीचे १ लाख २६ हजार कर्जात घातले की हप्ता सुमारे २,६८० रुपयांनी वाढतो. पाच वर्षांत त्या वरच्या सोयींचे १ लाख ६० हजारांवर पैसे फिटतात.

आता वीज. २६ युनिटांची बॅटरी भरताना थोडी वीज वाया जाते, म्हणून ३० युनिटे धरू. घरी युनिटाला १० रुपये धरले तर ३०० रुपयांत २०० किलोमीटर, म्हणजे किलोमीटरला दीड रुपया. बाहेरच्या चार्जिंगवर युनिटाला २२ रुपये धरले तर तोच खर्च ३ रुपये ३० पैसे. डिझेल ९४ रुपये लिटर आणि २० किलोमीटरचा अॅव्हरेज धरला तर ४ रुपये ७० पैसे. प्रत्येकाने आपल्या गावचे दर घालून हे गणित पुन्हा मांडावे, रीत हीच.

महिन्याला अडीच हजार किलोमीटर गाडी चालली आणि सगळी वीज घरी भरली, तर इंधनात ८ हजार रुपये वाचतात. सगळी वीज बाहेर भरली, तर साडेतीन हजारच.

बाईंनी लगेच विचारले, "मंग हप्ता एकवीस हजार, अन् वाचते आठ. बाकीचे तेरा कोन देनार?"

हाच तो प्रश्न. विजेची गाडी स्वस्तात चालते म्हणून हप्ता आपोआप फिटत नाही. हप्ता फिटतो तो भाड्याने. आणि भाडे आपल्या भागात लगीनसराईत मिळते, आषाढ-श्रावणात मिळत नाही. गाडी घेण्यापूर्वी महिन्याला ठरलेली भाडी कोणती, शाळेची ने-आण आहे का, दवाखान्याची आहेत का, हे लिहून काढावे. नुसत्या आशेवर हप्ता बांधू नये.

नागपूरचा अनुभव आठवतो. मे २०१७ मध्ये ओला कंपनीने तेथे विजेच्या टॅक्सींचा प्रयोग सुरू केला. महिंद्राच्या लहान गाड्या होत्या. मोठा गाजावाजा झाला, मंत्री आले. पुढे चार्जिंगच्या रांगेत तासन्‌तास जातात, धंदा बुडतो, अशा चालकांच्या तक्रारी वर्तमानपत्रांत आल्या. गाडी वाईट होती असे मी म्हणत नाही. पण उभ्या गाडीचाही हप्ता चालूच असतो. म्हणून मॉडेलच्या आधी प्लगचा विचार करा.

प्लगचा विचार

या मुलाच्या घरी एक बल्बाचे मीटर, जुनी तार, अर्थिंगचा पत्ता नाही. तेथे रात्रभर गाडी लावायची म्हणजे सोळा अँपिअरचा पॉइंट हवा, जाड तार हवी, जमिनीत नीट गाडलेली अर्थिंग हवी आणि वीज कंपनीकडून मीटरचा मंजूर भार वाढवून घ्यायला हवा. एवढ्या पॉइंटवर ही बॅटरी पूर्ण भरायला बरेच तास लागतात. रात्री तीन तास लाइट गेली तर सकाळी गाडी अर्धवट भरलेली. अर्थिंगशिवाय आणि जुन्या तारेवर हे काम कोणी करू नये. घरात लहान मुले असतात, ओल असते, जीवाशी खेळ होतो.

मी मुलाला सांगितले, "टॉपचे जे सव्वा लाख आहेत, त्यातला थोडासा भाग या तारेत घाल. ती सोय गिऱ्हाइकाला दिसणार नाही, पण तुला रोज सकाळी दिसेल."

आणखी दोन गोष्टी माहितीसाठी. विजेच्या गाडीवर जीएसटी ऑगस्ट २०१९ पासून ५ टक्के आहे. भाड्याच्या विजेच्या गाडीची पाटी हिरवी आणि अक्षरे पिवळी असतात, घरगुती गाडीची अक्षरे पांढरी. काही जण घरगुती नोंदणी करून भाडे मारतात. अपघात झाला की विमा कंपनी हात वर करते आणि घर रस्त्यावर येते. हे करू नका.

बॅटरीची हमी या गाडीला ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, जे आधी होईल ते. महिन्याला अडीच हजार किलोमीटर चालली तर पाच वर्षांत दीड लाख होतात. म्हणजे कर्ज फिटते आणि हमी संपत येते. जुनी गाडी घेणाऱ्यांनी तर हे आधी पाहावे. सुरक्षेच्या बाबतीत २०२१ च्या ग्लोबल एनकॅप चाचणीत या गाडीला चार तारे मिळाले होते, हे सांगायला हवे. आपल्याकडे लोक पडद्याचा आकार विचारतात, एअरबॅग किती हे विचारत नाहीत.

मुलाचे म्हणणे

एकतर्फी बोलू नये. मुलाचेही म्हणणे होते आणि ते मला पूर्णपणे खोडता आले नाही.

तो म्हणाला, "काका, बेस मॉडेल घेऊन मी लग्नाच्या घरी गेलो तं लोक काय पाह्यतात? आपल्या पोराची गाडी म्हनून आधीच नाक मुरडतात. वरून साधी गाडी नेली तं म्हनतीन, ऐपतच नसन. टॉप असली तं गप बसतात."

मी गप्प झालो. हे दुखणे मला माहीत आहे. एस.टी.च्या केबिनमध्येही मला ते भेटले आहे. गाडीची चमक ही त्याच्यासाठी नुसती हौस नाही, ती एक ढाल आहे. पण मग आईनेच उत्तर दिले. आवाज न चढवता म्हणाल्या, "लोकाइले दाखवाले सव्वा लाख, अन् पोरीच्या फीले नाही? तिनं नर्सचे कपडे घातले तं कोन नाक मुरडन रे?"

त्यावर तो उठून बाहेर गेला. परतीच्या एस.टी.पर्यंत बोलला नाही. मला वाटले, संबंध बिघडले.

पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला. त्याने दोन शाळांशी आणि एका दवाखान्याशी ठरलेल्या भाड्याचे बोलणे केले होते. एक पक्के झाले, दोन अजून लटकलेले. बहिणीची फी भरली. घराची नक्कल पिशवीतून परत ट्रंकेत गेली, घर गहाण टाकायचे नाही हे ठरले. गाडी आत्ता नाही, दिवाळीनंतर पाहू, घेतली तर खालचे मॉडेल, असे म्हणाला. आवाजात आनंद नव्हता, हे खरे. मग विचारले, "काका, तो हप्त्याचा कागद तुमच्याकडे राह्यला काय? अन् ते घाटात पाय कधी उचलाचा, ते एकदा आणखी दाखवसान काय?"

कागद टपालाने पाठवला. घाटाचे येत्या रविवारी ठरले आहे.

ज्या घरांत अशीच चर्चा चालू असेल त्यांनी शोरूममध्ये जाताना चार प्रश्न लिहून न्यावेत. वरच्या मॉडेलात मोटार वेगळी आहे का? बॅटरी मोठी आहे का? जलद चार्जिंगची सोय सगळ्यांत आहे का? एअरबॅग आणि ब्रेक यांत काही फरक आहे का? यांतील एकाचेही उत्तर 'होय' आले, तर वरच्या मॉडेलचा विचार करा. चारही उत्तरे 'नाही' आली, तर तुम्ही जास्तीचे पैसे चालण्यासाठी नव्हे, दिसण्यासाठी देत आहात. द्यायचे तर द्या, पण समजून द्या. आणि सही करण्यापूर्वी घरातील बाईला तो हप्त्याचा कागद वाचून दाखवा. तेरा हजार कोण देणार, हे तिला आधी सुचते.